ओवीतली कलमं

“या पोरीशी भांडायचं तर वकीलच लावावा लागेल,” लहानपणी वैजूचे आबा हसून म्हणायचे. बारावी शिकलेल्या वैजूला दोन लेकरं झाल्यावर वाटलं, मग आपणच वकील का होऊ नये?

क्लास लांब शहरात, म्हणून घरीच पुस्तक उघडलं आणि राज्यघटनेची कलमं ओवीच्या चालीवर बसवली. अंगणात पापड लाटताना ती गायची, शेजारणी झील धरायच्या. सासूबाई तेवढ्या पाठ फिरवून लाटत राहायच्या, हूं नाही की चूं नाही. त्यांना हे पटलेलं नाही, असं वैजूने मनाशी धरलं.

कायद्याच्या प्रवेश परीक्षेत एकविसावं कलम विचारलं. तिथे पोचायला तिला चौदाव्यापासून गावं लागलं. हलणारे ओठ पाहून पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, “ताई, भजन घरी गेल्यावर.”

तरी नंबर लागला. कॉलेज साताऱ्याला, सासूबाईंनी हो म्हटल्याशिवाय लेकरं सोडून रोज जाणार कशी? वैजूने चाचरत विचारलं.

सासूबाईंनी लाटणं बाजूला ठेवलं. “जा की, घर मी बघते. आणि त्या एकविसाव्या कलमाची चाल तू वर्षभर चुकवतेयस. पाठांतर मोडेल म्हणून बोलले नाही.”