पिवळ्या ठिपक्यांची छत्री

बायकोची पाठ वळताच हेरंबरावांनी घडी घातलेलं पॅराशूट घरी जोडलेल्या छोट्या रॉकेटच्या पोटात सरकवलं. किटमधलं फाटकं निघालं, म्हणून त्यांनी सुमित्राबाईंची पिवळ्या ठिपक्यांची छत्री गुपचूप कापली होती. ती जाऊबाईंनीच ढापली, असं सुमित्राबाई महिनाभर सगळ्यांना सांगत होत्या.

आज त्याही हौसेने मैदानावर आल्या होत्या. पॅराशूट उघडलं की चोरी पकडली जाणार. नाही उघडलं, तर दोन महिने घासलेलं, रंगाचे सहा हात दिलेलं रॉकेट मातीत जाणार.

रॉकेट सुसाट वर गेलं, थबकलं, खाली कललं. “उघड गं बाई,” हेरंबराव पुटपुटले. आकाशात पिवळे ठिपके फुलले.

सुमित्राबाई वर बघतच राहिल्या.

“माझ्या हातात मेली कधी एवढ्या पटकन उघडली नाही,” त्या म्हणाल्या. “आता जाऊबाईंना फोन तुम्हीच लावा.”