अर्धा तास पुढे

मालोजीरावांच्या पत्राला गोपाळकृष्णांनी उत्तर दिलंच नव्हतं. मालोजीराव खालापूरकडच्या एका खाजगी शाळेचे सचिव. प्रवेश परीक्षेच्या यादीत एका मुलाचे गुण कुणीतरी संगणकावर गुपचूप वाढवले होते. 'आपण संगणक-तपासणी शिकता असे कळले. तज्ज्ञ म्हणून आमचे यंत्र तपासाल का?' एवढंच पत्र. 'तज्ज्ञ' वाचूनच गोपाळकृष्णांना घाम फुटला. जन्मभर ग्रंथपाल म्हणून काढलेला माणूस. निवृत्तीनंतर हे नवं शिकायला घेतलं आणि पहिल्याच परीक्षेत नापास झाला. पत्र टेबलावरच पडून राहिलं.

आज पोशीरची सुंदरा त्यांच्या दहिवलीच्या घराच्या दारात उभी होती. तिची लेक नम्रता त्या शाळेत कारकून. सगळा संशय तिच्यावर.

"सर, नाय जमत तर नाय म्हणा. पण गप नका बसू. शाळंत म्हणतात, तज्ज्ञानं पण अंग काढलं, म्हंजे पोरीचंच काम हाय. सोमवारी काढनार तिला."

आतून पत्नी उमाताई म्हणाल्या, "वर्षभर शिकलेलं सांगून सांगून माझं डोकं खाल्लंत. आता जिला गरज आहे तिच्यासाठी वापरा."

ते शाळेत पोचले तेव्हा मालोजीराव दचकलेच. "तुम्ही आलात? उत्तर नाही म्हटल्यावर आम्ही विषय मिटवला की!"

"पत्र आहे माझ्याकडे," गोपाळकृष्ण कसेबसे म्हणाले. मुख्याध्यापिका रोहिणीबाईंनी पत्र वाचलं आणि संगणक ठेवलेल्या कपाटाची किल्ली काढून दिली.

घोटाळा उघडकीस आल्यापासून संगणक बंद होता. गुण बक्षीस समारंभाच्या दिवशी सव्वापाचला बदलले, असं त्यातली नोंद सांगत होती. त्या वेळी समारंभ उरकून सगळे घरी गेले होते आणि कुलूप लावायला नम्रता एकटी मागे होती. दुसरा पुरावा कुणाला लागलाच नव्हता.

गोपाळकृष्णांनी घाई केली नाही. आधी डिस्क बाहेर काढली, तिच्यावर एक अक्षरही उमटणार नाही अशा बेताने हुबेहूब प्रत घेतली. मग डिस्कविना यंत्र सुरू केलं आणि त्याचं घड्याळ खऱ्या वेळेशी ताडून पाहिलं. परीक्षेत नेमका हाच टप्पा ते विसरले होते.

घड्याळ अर्धा तास पुढे होतं.

शिपाई नागू हसला. "हपिसातली समदी घड्याळं पुढंच हायेत, सर. कर्जतची गाडी चुकली तर दुसरी कवा येनार? भिंतीवरचं बघून आधीच्या कारकून बाईंनी यातलं पण तसंच लावलं. इंटरनेट नाय ना याला."

"म्हणजे गुण बदलले तेव्हा खरे पावणेपाच वाजले होते," गोपाळकृष्ण म्हणाले.

"पावणेपाचला?" रोहिणीबाई उठल्याच. "तेव्हा नम्रता मंचावर माईकवर नावं पुकारत होती. साऱ्या गावाने ऐकलंय!"

"व्हय की," नागू म्हणाला. "मैदानावर समदी व्हती. हितं फकस्त हे सचिव साहेब. डोकं दुखतंय म्हनाले, मीच च्या आणून दिला."

मालोजीराव खिडकीबाहेर बघू लागले.

गोपाळकृष्णांनी अहवाल रात्री स्वतःच्या हाताने लिहिला. जे दिसलं तेवढंच. कोणी केलं, ते ठरवणं संस्थेचं काम. सहीखाली 'तज्ज्ञ' लिहिलं नाही, 'विद्यार्थी, प्रथम वर्ष' असं लिहिलं आणि ते शब्द त्यांनी पुन्हा एकदा, जरा ताठ बसून, वाचले. एक प्रत संस्थेच्या अध्यक्षांना, दुसरी मालोजीरावांना, त्यांच्या पत्राचं उत्तर म्हणून.

सकाळी उमाताईही पोस्टापर्यंत आल्या.

"एक कळत नाही," गोपाळकृष्ण म्हणाले. "पनवेलला इतके मुरलेले लोक आहेत. त्यांना सोडून मालोजीरावांनी माझ्यासारख्या नापासाला का लिहिलं?"

"अहो, लग्नाची पत्रिका आली तरी तुम्ही दोन ओळी धाडत नाही. अख्ख्या कर्जतला ठाऊक आहे ते."

गोपाळकृष्ण खिडकीपाशी थबकले. मालोजीरावांना तज्ज्ञ नकोच होता. त्यांना उत्तर न देणारा माणूस हवा होता.

त्यांनी दोन्ही पाकिटं आत सरकवली आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात पोचपावती मागितली.