मांजरपाटाखालची गाडी

"गाडीवर उजेड मारायचा नसतो," गोपाळकृष्ण म्हणाले. "कापडावर मारायचा. गाडी म्हणजे आरसा. तिला दाखवशील तेच ती दाखवते."

योगेशनं वहीत लिहून घेतलं. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या स्टुडिओत सहा वर्षं झाली, तरी तो सगळं लिहून घ्यायचा.

हडपसरच्या शेडमध्ये लाल गाडी उभी होती. वर छतासारखं ताणलेलं पांढरं मांजरपाट, त्याच्याही वर दिवे. गाडीच्या कंपनीच्या कॅलेंडरचं हे काम मिळालं तर स्टुडिओ चालणार होता, नाहीतर कुलूप.

मागे एकदा दिव्यानं मांजरपाट जाळलं होतं. त्यावर गोपाळकृष्णांच्या बायकोनं, शैलाबाईंनी, ठिगळ लावलं, कोपरा तुटलेल्या शंकरपाळ्यासारखं. तिथून उजेड कमी येई आणि बॉनेटवर तेवढाच डाग पडे. तो प्रिंटवरून ब्रशनं पुसायचं काम गोपाळकृष्ण घरी बसून करत. त्यात लिहून घेण्यासारखं काही नव्हतं.

तीन रोल झाले. योगेशनं ते लॅबमध्ये धुवायला दिले आणि दोन दिवसांनी जाऊन आणले.

"सर, एक रोल त्यांनी धुताना घालवला."

"वा. बाकीचे दोन परत दिले, हे उपकारच," म्हणत गोपाळकृष्ण उरलेल्यांतून फोटो निवडायला बसले.

काम मिळालं नाही. कंपनीचे साहेब म्हणाले, "आम्हाला एकांनी कॅमेऱ्याशिवाय गाडी काढून दिलीय. सगळी कॉम्प्युटरवर."

"यंत्राला उजेडातलं काय कळतं, सर?" योगेश चिडून म्हणाला.

गोपाळकृष्णांना बरं वाटलं. सत्तावीस वर्षांच्या विद्येनं ऐनवेळी दगा दिला होता. निदान हा पोरगा तरी आपला होता. स्टुडिओ बंद करताना त्यांनीच त्याला सांगितलं, "तूही कॉम्प्युटर शीक बाबा."

जानेवारीत योगेश पेढे घेऊन घरी आला. कॉम्प्युटरवर चित्रं करणाऱ्या कंपनीत चांगली नोकरी लागली होती. तो पाया पडला तेव्हा गोपाळकृष्णांचे डोळे भरून आले.

फळीवर गाडीच्या कंपनीचं कॅलेंडर आठवडाभर गुंडाळीतच पडलं होतं. त्यांना ते बघवत नव्हतं.

"चल, आज बघून टाकू एकदाचं," ते म्हणाले.

"राहू द्या ना, सर. कशाला जिवाला त्रास?"

"अरे, हरलो तर हरलो. कुणाकडून, ते तरी बघू."

त्यांनी कॅलेंडर टेबलावर पसरलं. शैलाबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "बॉनेटवर माझं ठिगळ कसं आलं?"