शेगडीतली बोटं

जुन्या शेगड्या जमवणारी मंडळी मेहरूणला नानांच्या घरी आपापला ऐवज पुढ्यात मांडून बसली होती. कुणाची पितळी, कुणाची बिडाची. नानांनी मात्र तेलाच्या डब्याची, आतून मातीने लिंपलेली साधी शेगडी पुढे ओढली.

"नाना, ही तर भंगारवालाही घ्यायचा नाही," फैजपूरचे गफूरभाई हसले.

"आत हात घाल, गफूर. मनी सुंदरबाईनी लिपेल शे हाई, जावाना पहिले. तिना बोटे लागतस का?"

गफूरभाईंनी आत हात घातला, मातीत उमटलेली बोटं हाताला लागली आणि त्यांचं हसू मावळलं. दृष्टी गेलेले नानाही आतल्या मातीवरून हळूहळू बोटं फिरवत राहिले, गेलेल्या बायकोचा हात हाती लागल्यासारखे.

चहा घेऊन दारात उभ्या असलेल्या सुनेला, रूपाला, आत जाववेना की मागे फिरवेना.

तेवढ्यात लेकीने तिचा पदर ओढला.

"आई, घासताना जुनी माती पडली म्हणून काल तूच लिंपलीस ना ही? मग ही बोटं आजीची कशी?"