सोमवारची दोन तिकिटं

"सासू झालीस की तोंड मिटायचं, मंगला, आणि डोळे उघडे ठेवायचे."

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्यांचं ते सांगणं आज मंगलाच्या कानात घुमत होतं. बोईसरच्या चित्रपटगृहासमोर, उसाच्या रसाच्या गाडीआड ती उभी होती. पलीकडे तिकिटाच्या खिडकीशी तिची सून समिधा. समिधाने तिकिटं घेतली, मागे न बघता आत गेली.

तिकिटं दोन होती.

सकाळी चिंचणीहून निघताना ती म्हणाली होती, "आई, बोईसरला क्लास आहे. संध्याकाळी येते." गेले तीन सोमवार हेच चाललं होतं. मंगलाचा नवरा बळवंत तर त्याआधीच सफाळ्याला चिकूची कलमं बघायला बाहेर पडला होता. मंगलाने दोघांनाही नुसती मान हलवून निरोप दिला. सोमवार तिच्या मौनाचा. मुलगा धीरज जहाजावर नोकरीला लागला, तेव्हापासून सूर्योदय ते दिवेलागण तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. वर निर्जळी उपास. तीन वर्षांत एकही सोमवार चुकला नव्हता.

संशयाची काडी टाकली ती म्हावरं विकणाऱ्या लाडकीने. "सोमवारीच बरी शाळा भरते तुमच्या सुनेची! माज्या पोरीनं पाह्यली तिला बोयसरला, रिक्षात. संगती कोन बापया व्हता, पाठमोरा."

नवरा समुद्रावर आणि ही रिक्षात! मंगलाने ठरवूनच टाकलं होतं. आज डोळ्यांनी बघायचं. मग दिवा लागला, मौन सुटलं, की मासवणला समिधाच्या वडिलांना फोन करायचा : या, आणि तुमची लेक घेऊन जा.

ती खिडकीशी गेली. भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवून तिने एक बोट वर केलं.

"माताजी, अंग्रेजी पिक्चर है. खेलकूद का. चार पिक्चर, सुबह से शाम तक. समझेगा आपको?"

मंगलाने मान डोलावली.

"गूंगी है बेचारी," आतला माणूस शेजाऱ्याला म्हणाला आणि त्याने तिकीट पुढे सरकवलं.

आत मिट्ट काळोख. डोळे सरावल्यावर समिधा दिसली, आणि तिच्या शेजारी एक पुरुष. टोपी घातलेला. मंगला तीन रांगा मागे, कोपऱ्यात बसली. पदर कपाळापर्यंत ओढला, हातात जपमाळ घेतली, नजर त्या टोपीवर.

पडद्यावर माणसं सायकली घेऊन डोंगर चढत होती. टोपीवाला समिधाकडे झुकला, काहीतरी पुटपुटला. दोघं हसली. तो पुरुष तर पोटातून, मोकळा, खदखदून हसला. असलं हसणं मंगलाने कुठे ऐकलं नव्हतं. मध्ये दिवे लागले तेव्हा तिने मान खाली घालून तोंड पदरात लपवलं. आपण दिसायला नको.

दुसऱ्या चित्रपटात होड्यांची शर्यत होती. समुद्रकाठच्या चिंचणीच्या बाईला वल्हं कसं मारावं ते कुणी सांगायला नको. पाठीमागचा गडी चुकतोय, हे तिला पडद्यावरच्या प्रशिक्षकाआधी कळलं. ती पुढे सरकून बसली. जपमाळेचा मणी कुठला, ते विसरली.

तिसरा सुरू झाला. कुठल्याशा बर्फाच्या देशातली एक बुटकी पोर. तिला कुणी संघात घेत नव्हतं, ती एकटीच पहाटे धावायची. भाषा एका अक्षराने कळत नव्हती. पण त्या पोरीच्या आईचा चेहरा कळत होता. शेवटच्या फेरीत पोर पुढे गेली, आणि पाय मुरगळून पडली. सगळं चित्रपटगृह चिडीचूप.

"ऊठ गं! ऊठ माझे बाय, पळ!"

आवाज घुमला. तो आपलाच आहे, हे मंगलाला सगळ्यात शेवटी कळलं.

पुढे दोन माना गर्रकन वळल्या. एक समिधाची. दुसरी, टोपीखालची, बळवंतची.

तिघं बाहेर जिन्यापाशी आली. धीरजसाठी धरलेलं व्रत मोडलं होतं. मंगलाने दोन्ही कानांना हात लावले, मनात देवाची क्षमा मागितली. मोडलंच होतं, तर विचारून घ्यावं.

"घरात एवढा मोठा टीव्ही आहे. सासरा-सून चोरून इथं कशाला?"

समिधाने खाली बघितलं. "सोमवारी घरात भांडं वाजलं तरी तुम्ही वळून बघता, आई. आम्ही कुजबुजतो, तर तुम्ही जप थांबवता. धीरजसुद्धा सोमवारी फोन करत नाहीत."

मंगलाने बळवंतकडे पाहिलं. टोपी हातात चुरगळत तो म्हणाला, "मौन तुजं हाय गं. पन तोंडं आमची शिवलीत."

मंगला सावकाश म्हणाली, "पुढच्या सोमवारपासून तुम्हा दोघांना घर सोडून कुठं जावं लागणार नाही. शब्द आहे माझा."

दोघांचे चेहरे पडले. आता सोमवारचं बाहेर पडणंही संपलं, असंच त्यांना वाटलं. आत चौथा चित्रपट सुरू झाला होता. तो बघू या, असं म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

पुढच्या सोमवारी, सूर्य उगवायच्या आत, मंगलाने देवाला नमस्कार केला, पोथी आणि आसन पिशवीत भरलं. दोघं अजून झोपेत होती. तिने हलकेच कडी काढली आणि दिवेलागणीपर्यंतचं आपलं मौन सोबत घेऊन ती किनाऱ्यावरच्या देवळाकडे चालू लागली.