वासाची तक्रार

लालबागला चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरखालची सगळी दुकानं राधाबाईंनी पालथी घातली. सुकट कुठेच नव्हती.

"इथं आता कोणी खात नाही, आजी. वासाच्या तक्रारी येतात," वाणी म्हणाला.

राधाबाई तडक परळला गेल्या, कोळणीकडून सुकट आणली आणि घराचं दार सताड उघडं टाकून तव्यावर भाजायला घेतली.

शेजारची मृणालिनी धावतच आली.

"ये, भांडायला ये," राधाबाई कालथा उगारून म्हणाल्या.

"भांडायला नाही हो, मावशी. उद्या आमच्यासाठीही आणाल? फक्त काळ्या पिशवीत बांधून. कोणाला कळायला नको."

"उद्या दोघी जाऊ," राधाबाई म्हणाल्या, "आणि उघडी पाटी घेऊन भरल्या लिफ्टनं वर येऊ."