हलका स्वयंपाक

सेंटोसा बेटावरच्या त्या रिसॉर्टच्या किनाऱ्यावर निशिकांत, अनघा आणि त्यांची आठ वर्षांची गार्गी सोडली तर कोणी नव्हतं. सुमात्रातल्या पेटलेल्या जंगलांचा धूर समुद्र ओलांडून आला होता. त्या सप्टेंबरात पर्यटक फिरकत नव्हते, म्हणून रिसॉर्टने दर उतरवले होते, आणि म्हणूनच हे तिघं शहरातल्या बेडोक भागातून इथवर फिरायला आले होते. एरवी त्यांनी या फाटकातून आत पाऊल टाकलं नसतं.

पांढऱ्या आरामखुर्च्या ओळीने रिकाम्या पडल्या होत्या. मागे समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या अपार्टमेंटचे पडदे बंद होते. "मालक वर्षातून एकदा येतात, कधी येतही नाहीत," टॉवेल आणून देणारी मुलगी म्हणाली होती.

अनघा ते पडदे बघत बसली होती. महिनाअखेरीस त्यांना बेडोकचा भाड्याचा फ्लॅट सोडायचा होता. मालकाने तो विकला होता. गार्गीच्या शाळेजवळचा एक फ्लॅट दोघांनाही पसंत पडला होता, आता तिथल्या मालकाच्या होकाराची वाट होती.

फोन वाजला. निशिकांत गार्गीबरोबर वाळूत खड्डा खणत होता. त्याचे हात भरलेले बघून अनघानेच फोन स्पीकरवर टाकून त्याच्यापुढे धरला. एजंट केल्विन होता. खुशीत होता.

"सर, गुड न्यूज. ओनर जवळजवळ तयार आहे. त्याला इंडियन नकोच होते. म्हणतो, हे लोक रोज करी शिजवतात, भिंतींना वास लागतो."

"नो, नो, केल्विन," निशिकांत घाईघाईने म्हणाला. "वी आर नॉट दॅट टाइप. आम्ही पुण्याचे. मी आयटीत आहे, तांजोंग पगारला ऑफिस. घरी सगळं हलकंच असतं. सूप, सॅलड."

अनघाच्या शेजारच्या पिशवीत सकाळी केलेली भरली वांगी होती.

"मी पण त्याला तेच सांगितलं, लाह!" इथल्या सगळ्यांसारखा वाक्याला 'लाह' जोडत केल्विन हसला. "म्हटलं, हे चांगल्यातले इंडियन आहेत. क्लीन. तर तो म्हणाला, लाइट कुकिंग असं लिहून देत असतील तर चालेल."

"थँक यू, केल्विन. थँक यू सो मच."

फोन बंद झाला.

"थँक यू कशाबद्दल?" अनघाने विचारलं.

"अगं, घर मिळालं!"

"त्याने तोंडावर शिवी दिली आणि तू आभार मानलेस."

"आपल्याला कुठे दिली? ते तसल्या लोकांबद्दल..."

"तसल्या म्हणजे कसल्या? सेल्वीअक्का तसली का?"

सेल्वीअक्का त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायची. गार्गीला डेंग्यू झाला तेव्हा अनघा नोव्हेनाच्या इस्पितळात लेकीच्या उशाशी बसून होती आणि इकडे निशिकांतला दोन्ही वेळचा रसमभात सेल्वीअक्काने पुरवला होता. तिच्या रसमचा वास पार लिफ्टपर्यंत यायचा.

"अनघा, महिना संपत आलाय," तो आवाज खाली आणत म्हणाला. "स्वाभिमान अंथरून झोपायचं का आपण?"

तिने केल्विनला फोन लावला.

"केल्विन, मी रोज स्वयंपाक करते. मोहरी, हिंग, लसूण, सगळं घालून. रविवारी मासे तळते. तुझ्या ओनरला सांग, त्याच्या भिंती त्यालाच लखलाभ. आम्हाला तो फ्लॅट नको."

निशिकांतने वाळूवर मूठ आपटली. "झालं समाधान?"

"नाही झालं. राग जात नाहीये. आणि त्या माणसावर त्यातला थोडाच आहे."

गार्गी धुरासाठी लावलेला मास्क खाली ओढून दोघांकडे बघत राहिली. "डोन्ट फाइट लाह," ती म्हणाली. अनघाने तिचा मास्क नीट वर केला. समुद्रावरची जहाजं धुरात अर्धीमुर्धी दिसत होती.

अर्ध्या तासाने फोन पुन्हा वाजला. या वेळी निशिकांतने वाळूच्या हातांनीच तो उचलून स्पीकरवर टाकला. केल्विन रागावला नव्हता. उलट त्याला तोडगा सापडला होता.

"सर, त्याच ब्लॉकमध्ये दुसरा फ्लॅट आहे. आणि ओनर इंडियन! तुमच्याच गावाकडचा, पुणे म्हणाला. तुमचीच भाषा बोलतो. करीचा काही प्रॉब्लेमच नाही."

निशिकांतचा चेहरा उजळला. त्याने अनघाकडे पाहिलं. "बघ!" मग फोनमध्ये म्हणाला, "आम्ही आजच बघायला येतो. सांग त्यांना."

"सांगतो, सर. फक्त त्याला एक विचारायचंय. मी तुमचं नाव सांगितलं, निशिकांत. तर म्हणतो, ते नको, आडनाव काय?"

निशिकांतच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. लग्नानंतर पुण्यात खोली शोधताना हाच प्रश्न ऐकून तो किती जिने उतरला होता, ते अनघाला माहीत होतं. प्रत्येक जिन्यावर ती त्याच्याबरोबर होती.

तो फोन हातात धरून तसाच बसून राहिला. कानशिलं तापून लाल झाली होती.

"सर? ऐकताय ना?" केल्विन विचारत होता. त्याला खरंच कळत नव्हतं. "देश एक, गाव एक, भाषा एक. मग त्याला आडनाव कशाला हवंय?"